सासू-सुनेची पेटी

एकतीस वर्षांत ताईंच्या हातून झाली नव्हती ती चूक एका मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी झाली, आणि ती त्यांना सोडून सगळ्या सभागृहाला कळली.

आधी जागा दाखवतो, म्हणजे घोटाळा होणार नाही. आमच्या सभागृहाच्या मागच्या भिंतीत, माडीच्या उंचीवर, काचेच्या तीन पेट्या आहेत. पेटी म्हणजे खोलीच, पण अशी की दोन माणसं बसली की तिसऱ्याने श्वास बाहेर जाऊन घ्यावा. दोन खुर्च्या, दोन माइक, दोन हेडफोन, पाण्याचे दोन पेले आणि भिंतींना जाड कापडी अस्तर. खाली कुणी परक्या भाषेत बोलायला लागलं की पेटीतला दुभाषी ते कानाने घेतो आणि त्याच क्षणी तोंडाने आमच्या भाषेत सोडतो. खालची मंडळी हेडफोन लावून ते ऐकतात. ऐकणंही चालू, बोलणंही चालू, आणि मधे कुठे टाका दिसत नाही. देवाने माणसाच्या डोक्यात काय काय भरून ठेवलंय ते बघायचं असेल, तर या काचेसमोर पाच मिनिटं उभं राहावं. हात आपोआप जोडले जातात.

मधल्या पेटीत ताई आणि त्यांची सून बसायच्या. अर्धा तास एक, अर्धा तास दुसरी. एक बोलत असली की दुसरी तिच्यासाठी आकडे लिहून पुढे सरकवायची, कारण आकडा म्हणजे या कामातला घासातला खडा. सून घरी त्यांना आई म्हणे, पेटीत ताई. सगळे त्या पेटीला सासू-सुनेची पेटी म्हणत आणि जाता-येता मला डिवचत, "काय रे, आज आतून भांड्यांचा आवाज आला का?"

सून हजरजबाबी. "भांडायला घर आहे की आम्हाला," म्हणायची. "इथे एका वेळी एकच माइक चालू राहतो, म्हणून तर सुखात आहोत."

मी शेजारच्या खोलीत बटणांच्या फलकासमोर बसतो. मला सगळे आवाजवाला म्हणतात. एकोणीस वर्षं मी लोकांचे आवाज वर-खाली करतो आहे. भाषा मला स्वतःला एकच येते, ही त्यातली गंमत.

तर त्या मंगळवारी परदेशचे एक पाहुणे पाण्यावर बोलत होते. धरणं, पातळ्या, गळती. ताई डोळे मिटून त्यांचं बोलणं आमच्या भाषेत आणत होत्या. वीस मिनिटं सुरेख गेली. मग पाहुण्यांना यजमानांना खूश करायची हुक्की आली. त्यांनी शेवटची दोन पानं आमच्याच भाषेत लिहून आणली होती, घोटून घोटून पाठ केली होती. त्यांनी चष्मा सारखा केला आणि चक्क आमच्या भाषेत सुरुवात केली. खाली सगळे कौतुकाने सरसावून बसले.

आणि ताईंनी, डोळे तसेच मिटलेले ठेवून, ते सगळं पाहुण्यांच्या भाषेत सांगायला घेतलं.

झालं! पाहुणे आमच्या भाषेत बोलताहेत आणि आमच्या लोकांच्या कानात त्यांची भाषा ओतली जातेय. एकाने हेडफोन झटकला. दुसऱ्याने बटण फिरवून पाहिलं. पुढच्या रांगेतल्या बाईंनी हेडफोन काढला, लावला, पुन्हा काढला. मग एकेक मान वळून वर काचेकडे बघायला लागली. सुनेने सासूला कोपराने ढोसलं. ताईंनी डोळे न उघडता तळहात दाखवला, मध्ये बोलू नकोस. सासूच्या तळहातापुढे सून काय बोलणार?

आणि मी? माझं कामच होतं की वक्ता आमच्या भाषेत आला की पेटीची वाट बंद करून खालचा आवाज सरळ सोडायचा. पण मी फलकावरचा आवाजाचा काटा बघत होतो, आणि काटा छान नाचत होता. माझ्या लक्षात आलं तेव्हा चार मिनिटं होऊन गेली होती.

दुपारी आमच्या विभागाच्या प्रमुखसाहेबांनी आम्हा तिघांना खोलीत बोलावलं. साहेब माणूस वाईट नव्हेत. पूर्वी ते स्वतः दुभाषी होते, ताईंच्या शेजारच्या खुर्चीवर नऊ वर्षं बसलेले. मग बढती मिळाली आणि फायलींमध्ये गेले.

"ताई, तुमचं वय आता त्रेसष्ट," ते म्हणाले.

"माझं वय मला पाठ आहे. पुढे बोला."

"चूक कुणाचीही होते. पण शब्द चुकणं वेगळं आणि आपण कुठल्या भाषेत बोलतोय हेच न कळणं वेगळं. मला काळजी वाटते हो. पुढच्या गुरुवारची सुनावणी मोठी आहे. धरणाची भिंत वाढवायची की नाही ते त्यात ठरायचंय. तिथे असं काही झालं तर..."

"तर?"

"तर त्या दिवशी तुम्ही विश्रांती घ्या. भिंतीखालच्या त्या डोंगराकडच्या लोकांचं म्हणणं, त्यांना आपली भाषा येते तेवढ्यात, आपण आधी लिहून घेऊ. कोशकाका त्याचा सारांश करतील आणि वाचून दाखवतील."

कोशकाका म्हणजे कागदपत्रांचं भाषांतर करणारे आमचे कारकून. काखेत शब्दकोश घेऊनच जन्माला आले असावेत. शब्दाला शब्द, ओळीला ओळ.

ताईंचा चेहरा मी एकोणीस वर्षं काचेतून पाहिलाय. तो असा उतरलेला कधी पाहिला नव्हता. डोंगराकडची भाषा ही त्यांच्या आईची भाषा. पण एकतीस वर्षांत त्या लोकांना या सभागृहात कुणी बोलावलंच नव्हतं, त्यामुळे ती भाषा पेटीत बसून एकदाही त्यांच्या तोंडून निघाली नव्हती. त्या गुरुवारी ते लोक पहिल्यांदा येणार होते. वर्षअखेर ताई निवृत्त होणार होत्या. तो गुरुवार हुकला की संपलं.

"सारांश!" ताई म्हणाल्या. "माणूस बोलता बोलता रडला तर सारांशात काय लिहिणार? वक्ता भावुक झाला?"

"ताई, माझ्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं?"

ताई उठून दाराकडे वळल्या. बाहेर आलो तेव्हा जिन्यात सून म्हणाली, "आई, चला घरी." पेटीजवळ असूनही आई म्हणाली, म्हणजे तिचाही धीर सुटला होता.

मला राहवेना. मी म्हटलं, "ताई, एक सांगू? मी सुट्टीच्या दिवशी गाऊन प्रवचन करणाऱ्या बुवांकडे जातो, तुम्हाला ठाऊकच आहे. बुवांच्या मागे दोघं उभे असतात, बुवांनी ओळ टाकली की झेलायला. बावीस वर्षं तेच दोघं. एकदा ऐन रंगात बुवांचा घसा कोरडा पडला. ते मान वळवून म्हणाले, 'जरा पाणी आणा.' तर या दोघांनी तेही सुरात उचललं! जरा पाणी आऽऽणा! सगळे हसून लोळायचे बाकी. मला वाटलं, आता बुवा या दोघांना झाडणार. तर बुवा म्हणाले, ज्यांच्या छातीत माझा श्वास चालतो ते दुसरं काय करणार? बाहेर उभं राहून ऐकणाऱ्याची ही चूक होणारच नाही."

ताई जिन्यात थांबल्या. कठड्यावर हात ठेवून माझ्याकडे वळल्या.

"आवाजवाल्या," त्या म्हणाल्या, "उद्या सकाळी साडेआठला सभागृह उघडून दे. आणि साहेबांना म्हणावं, ताईंनी चहाला बोलावलंय."

दुसऱ्या दिवशी सभागृह रिकामं. खुर्च्यांवर अजून कालचेच हेडफोन टांगलेले. साहेब पहिल्या रांगेत बसले. ताईंनी सुनेला वर पेटीत पाठवलं आणि स्वतः खाली बोलण्याच्या चौथऱ्यावर उभ्या राहिल्या.

"मी पाहुण्यांच्या भाषेत बोलते. तू नेहमीसारखं आपल्या भाषेत आण," एवढंच सुनेला सांगितलं.

मी हेडफोन लावला. ताईंचं बोलणं मला कळत नव्हतं, पण सुनेच्या तोंडून जे आलं ते असं:

"मी पहिली भाषा आईच्या पाठीवर बांधलेली असताना शिकले. ती शिकल्याचं मला आठवतच नाही. दुसरी भाषा आठव्या वर्षी, शाळेत. तिथे मी एक वर्ष तोंड उघडलं नाही. मास्तरीणबाईंना वाटलं, पोर मुकी आहे. मी मुकी नव्हते, ऐकत होते. शब्द नव्हते ऐकत. दुसरा बोलत असताना ही माणसं हुंकार कसा देतात, कुठे देतात, कंटाळा आला की कसा देतात, ते ऐकत होते. एकदा हुंकार बसला की भाषा आपण होऊन आत येऊन बसते. वर्षाने मी तोंड उघडलं ते भांडायला. मधल्या सुट्टीत, माझी पेन्सिल चोरणाऱ्या पोरीशी. आणि जिंकले..."

सून आतल्या आत हसत होती, आवाजात ते येत होतं. मी तर काम विसरून ऐकत होतो. आणि मग हेडफोनमधून एकदम परकं काहीतरी यायला लागलं. मी हेडफोन काढला. खाली ताई आमच्याच भाषेत स्वच्छ, खणखणीत बोलत होत्या, "तिसरी भाषा मी रेडिओवर शिकले, स्वयंपाक करता करता." आणि वर सून डोळे मिटून ते पाहुण्यांच्या भाषेत सांगत होती!

ताई बोलायच्या थांबल्या. सूनही थांबली. डोळे उघडून तिने आम्हा सगळ्यांकडे पाहिलं आणि काचेमागे कपाळावर हात मारून घेतला.

"तिला माहीत नव्हतं," साहेब म्हणाले. "बेसावध होती."

"मग तुम्ही जा. तुम्हाला तर माहीत आहे."

साहेब हसले, बाह्या वर सारल्या आणि वर गेले. हातातलं घड्याळ काढून ठेवलं, माइकवर टिकटिक जाऊ नये म्हणून. जुनी सवय सुटत नाही. सुरुवातीला माणूस असा काही सावध होता की वाक्यावाक्याला चाचपत होता. ताई धरण बोलल्या, पाऊस बोलल्या, पाच मिनिटं, सात मिनिटं, भाषा काही बदलेनात. मग त्यांनी जुनी गोष्ट काढली. एका सभेत दोन मंत्री एकमेकांवर ओरडत होते तेव्हा पेटीत साहेब आणि ताई, एकेका मंत्र्याच्या वतीने, शेजारी शेजारी बसून एकमेकांवर कसे ओरडले आणि मग बाहेर येऊन एकाच डब्यातून कसे जेवले, ती. सांगता सांगता साहेबांचा आवाज चढला, मान डोलू लागली, हात उडू लागले. तरुण झाले हो साहेब! ताईंनी एका वाक्याच्या मधोमध हळूच भाषा बदलली. साहेब त्याच जोरात उलट दिशेने वाहत गेले. पूर्ण दोन मिनिटं.

खाली उतरले तेव्हा कानशिलं लाल. "हे काय झालं मला?"

"मला काल झालं ते."

तेवढ्यात कोशकाका सहीसाठी कागद घेऊन आले. ताई म्हणाल्या, "काका, जरा वर बसता का?" काकांनी खूप आढेवेढे घेतले, पण बसले. ताईंनी सुरुवात केली. काका एक शब्द घेत, चावत, पुढचा घेत, तोवर ताई तीन वाक्यं पुढे. दोन मिनिटांनी ताईंनी भाषा बदलली. पहिल्याच शब्दाला वरून आवाज आला, "अहो ताई, हे तर तुम्ही आपल्याच भाषेत बोलताय की! मग मी काय करू?"

मी टाळीच वाजवली. साहेब मात्र हसले नाहीत. घड्याळ पुन्हा मनगटावर चढवून त्यांनी पट्टा आवळला.

"मान्य," ते म्हणाले. "ही म्हातारपणाची चूक नाही. पण गुरुवारी तर हे फारच होईल. डोंगराकडचे लोक दोन वाक्यं त्यांच्या भाषेत बोलतात, एक आपल्या, बाजारात शिकलेल्या. तुम्ही दर वेळी उलट्या वाहत गेलात तर?"

"जाईन की," ताई शांतपणे म्हणाल्या. "म्हणून तर देवाने आणि सरकारने पेटीत दोन खुर्च्या ठेवल्यात." सुनेकडे वळून म्हणाल्या, "तू माझ्या मनगटावर हात ठेवायचास. भाषा बदलली की दाबायचं. आणि मी तळहात दाखवला तर?"

"तर तोही दाबेन. इतक्या वर्षांची हौस आहे," सून म्हणाली.

"अगं, पण तुला डोंगराकडचं अक्षर येत नाही," साहेब म्हणाले.

"म्हणूनच, साहेब! मला कळायला लागलं की समजायचं भाषा बदलली. माझ्याइतकं पक्कं दुसऱ्या कुणाला कळणार नाही."

साहेबांनी खाली आलेल्या कोशकाकांच्या हातातला कागद घेतला. सारांशाचाच आदेश होता तो. घडी करून खिशात घातला आणि म्हणाले, "चहा कुठेय? चहाला बोलावलं होतं ना?"

गुरुवारी डोंगराकडून सात जण आले. त्यांच्या वतीने एक आजी बोलायला उभी राहिली. वाळलेल्या शेंगेसारखी काटकुळी, पण आवाज असा की माझा काटा पहिल्याच शब्दाला उडाला, मला बटण खाली आणावं लागलं. अध्यक्षांनी दहा मिनिटं दिली होती. आजी बोलायला लागली आणि कानात ताईंचा आवाज आला. मी त्यांचा आवाज एकोणीस वर्षं ऐकतोय, पण हा निराळा होता. थोडा खालचा, थोडा खरखरीत. जणू आजवर त्या दिवाणखान्यातून बोलत होत्या आणि आता माजघरातून. आजी उताराची, वाफ्यांची, खोल गेलेल्या विहिरींची माहिती देत होती. नीटनेटकं, मोजून मापून.

मग ती अध्यक्षांकडे वळली आणि मोडक्या, बाजारी, पण आमच्याच भाषेत म्हणाली, "साहेब, तू एकदा ये. खाली उभा राहा. मग भिंत बघ."

मी काचेकडे पाहिलं. सुनेची बोटं मनगटावर आवळली गेली. ताईंचा तळहात उठला, मला स्पष्ट दिसला. सुनेने दुसऱ्या हाताने तो खाली बसवला. ताई गप्प झाल्या. मी वाट बदलली आणि आजीचा स्वतःचा आवाज सगळ्यांच्या कानात गेला. तिची वाक्यं संपली, ती पुन्हा आपल्या भाषेत गेली, ताई पुन्हा सुरू झाल्या. असं सहा वेळा झालं. सहाही वेळा मी वेळेवर होतो, हे आपलं सांगून ठेवतो.

मग अध्यक्षांनी एक प्रश्न विचारला. ताईंनी तो आजीच्या हेडफोनमध्ये तिच्या भाषेत सांगितला. आजीने उत्तर दिलं नाही. कानावरचा हेडफोन चाचपला आणि मान वर करून काचेकडे बघत काहीतरी विचारलं.

पेटीचा नियम असा की जे बोललं जाईल ते सगळं सांगायचं. गाळायचं नाही, घालायचं नाही. आणि दुभाषी 'मी' म्हणाला तरी तो वक्त्याचा 'मी', स्वतःचा कधीच नाही. ताईंनी नियम पाळला. सगळ्या सभागृहाला त्यांच्या आवाजात ऐकू आलं, "तू कुणाची गं?"

अध्यक्ष गोंधळले. "हे... हे मला विचारलं?"

ताईंनी तेही आजीला सांगितलं. आजी फटकन बोलली आणि ताईंनी तितक्याच फटकन आणलं, "तुला कशाला विचारू? कानात बोलते तिला विचारते."

सभागृहात हशा पिकला. अध्यक्षही हसले, वर पाहून म्हणाले, "उत्तर द्या, बाई. नोंदीत येऊ दे."

ताईंनी आधी पाण्याचा पेला उचलला, मग न पिताच ठेवला. डोंगराकडच्या भाषेत त्या दोन-तीन वाक्यं बोलल्या, आणि मग, नियमाप्रमाणे, स्वतःचंच बोलणं आमच्या भाषेत आणलं, "मी वरच्या वाडीतल्या सुईणीची मुलगी. आठव्या वर्षी खाली आले. आई जाऊन पंचवीस वर्षं झाली. तेव्हापासून ही भाषा माझ्याशी कुणी बोललं नाही."

आजीने हेडफोन कानावर घट्ट दाबला. मग बोलली, आणि ताईंचा आवाज, किंचित कापरा पण अचूक, आमच्या कानात आला, "सुईणीची? माझी थोरली तिच्याच हातांत जन्मली. मग बस नीट. इतका वेळ मी या लोकांना झेपेल तेवढंच बोलत होते. आता पहिल्यापासून सांगते."

अध्यक्षांनी समोरचं घड्याळ पालथं घातलं. आजीने पदराने तोंड पुसलं, दोन्ही हात चौथऱ्यावर टेकवले. सुनेने सासूच्या मनगटावरचा हात काढला नाही. अर्धा तास झाला तरी खुर्ची बदलायची नव्हतीच, ती भाषा बोलणारं दुसरं कुणी नव्हतं. आजी एक तास दहा मिनिटं बोलली, आणि ताईंनी त्यातलं एक वाक्यही खाली पडू दिलं नाही.